नवमीला चाललेली करवत

"मिस्त्री कुठे गेला?"

हा प्रश्न चिनीशोभा डंगोल अकरा वर्षं ऐकत होती. हातात पाना, कोपरापर्यंत काळं तेल, समोर हुकाला टांगलेली सायकल, आणि तरी गिऱ्हाईक तिच्या खांद्यावरून आत डोकावून विचारायचं. सुरुवातीला ती सांगायची, "मीच." पुढे तिने ते सोडून दिलं.

"मेला," ती म्हणायची. "काय काम होतं?"

पाटणमधल्या त्या दुकानात डोंगरात चालवायच्या सायकली भाड्याने मिळत. शरद ऋतूत गोरे पाहुणे येत, चिखलाने माखलेल्या सायकली परत आणून टाकत, आणि रात्रीतून त्या पुन्हा उभ्या करायचं काम तिचं. दुकानाचे मालक तेजेन्द्र कार्की, ज्यांना सगळी गल्ली साहूजी म्हणे, ते गिऱ्हाइकांसमोर तिचं तोंडभर कौतुक करत. "आमची शोभा सायकलीच्या पोटातलं ओळखते." पगार वाढवायची वेळ आली की मात्र तीच शोभा त्यांच्या लेखी "शेवटी पुसापुशी करणारी" होत असे.

पोटातलं ओळखायचं ती शिकली ते खोकन्यात, आपल्या गावी, बांच्या घाण्यावर. मोहरीचं तेल काढायच्या त्या जुन्या घाण्यात दोन अजस्र तुळया एकमेकींवर आवळल्या जात, आणि लहानगी चिनीशोभा भिंतीपाशी बसून त्यांचं कण्हणं ऐकत असे. बा सांगायचे, तुळई मोडायच्या आधी तिचा आवाज बदलतो. तो आवाज आला की आधी हात काढायचा, विचार मग. पुढे नवरा मलेशियाला गेला आणि तिकडचाच झाला. ती जुनाट सायकलीवर तेलाचे डबे बांधून पाटणात विकायला येऊ लागली. साखळी तुटली की स्वतः जोडायची, चाक वाकलं की स्वतः सरळ करायची. साहूजींच्या दुकानासमोर एकदा तिला असंच रस्त्यावर बसून आऱ्या आवळताना त्यांनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती आत आली.

तिच्या रागाची गोष्ट सांगायची तर हर्कमान दाज्यूंपासून सांगावी लागेल.

हर्कमान, वयाने थोरले म्हणून सगळ्यांचे दाज्यू, घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचत. चार वर्षांपूर्वी त्यांनी दुकानातून एक जुनी सायकल विकत घेतली, सात नंबरची. तिच्या हँडलखालच्या नळीला, जिथे तिरकी नळी येऊन मिळते तिथे, केसाएवढी चीर आहे हे चिनीशोभाने साहूजींना सांगितलं होतं. साहूजींनी ती झाळून घेतली, वरून रंग मारला. ॲल्युमिनियमची फ्रेम अशी गल्लीत झाळून चालत नाही, हेही तिने सांगितलं. एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा नाही. त्या महिन्यात बांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं.

गोदावरी गावाच्या डोंगरउतारावर फ्रेम तुटली. हर्कमानचा जबडा मोडला, डावा डोळा गेला. साहूजी सफरचंदं घेऊन इस्पितळात गेले, उशाशी बसले, आणि हळुवार आवाजात म्हणाले, "पुढचा ब्रेक दाबलात ना दाज्यू? नवीन माणूस तसंच करतो."

हर्कमाननी ते खरं मानलं. अजून मानत होते. मंगलबजारच्या पायरीवर बसून ते कुणालाही सांगत, "चूक माझी हो. पुढचा दाबला मी." आणि चिनीशोभा समोरून जात असली तर हाक मारत, "शोभा बहिनी, तूच शिकवायला हवं होतंस मला ब्रेक दाबायला!" ते हसत. वाकड्या जबड्याचं ते हसू तिच्या पोटात कोळशासारखं पडून राही. तो कोळसा विझू नये म्हणूनच जणू ती दिवसभर कुणा ना कुणावर भडकत असे. भडकायला हवं होतं ज्याच्यावर, त्याच्याकडून महिनाअखेरीला पाकीट घेई, आणि जिच्यावर त्याहूनही जास्त, ती तर आरशातच होती.

दरवर्षी दशैंच्या, नेपाळी दसऱ्याच्या, आधी साहूजी तीन हंगाम चाललेल्या भाड्याच्या सायकली विकायला काढत. या वर्षीच्या विक्रीत सुकुमाया तमाङ आली. शिवपुरी डोंगराच्या अंगावरच्या गावची, तेवीस-चोवीस वर्षांची. सहा हंगाम तिने गिर्यारोहकांची ओझी वाहिली होती. पाठीवरचं ओझं पेलणाऱ्या नाम्लोच्या पट्ट्याने कपाळावर पडलेला वळ केसांतूनही दिसत होता.

"ऐंशी हजार आहेत," ती दारातच म्हणाली. "सायकल पाहिजे. तिहारचे दिवे लागून गेले की परीक्षा आहे. सायकलवाल्या पाहुण्यांना डोंगरात नेणारी कंपनी आहे, ती गाईड म्हणून घेईल, पण सायकल स्वतःची हवी म्हणतात. नाहीतर पुन्हा ओझी."

साहूजींनी तिला थेट काचेपाशी नेलं. तिथे लालभडक सायकल उभी होती, पुढे शॉकर, मागे शॉकर. "अठ्ठ्याहत्तर हजार. पोरी, रेसची गाडी आहे ही. सत्तावीस गिअर!"

सुकुमायाचे डोळे तिथेच अडकले. चिनीशोभा आतून हात पुसत आली.

"बस हिच्यावर. जोरात बस. काय झालं?"

"खाली गेली."

"वर आली का?"

"...हळूहळू येतेय."

"गादी आहे ती. दगडावरून उतरताना गादी पाहिजे तुला? अठ्ठ्याहत्तर हजारांत दोन-दोन शॉकर देतात, म्हणजे दोन्ही वाईट देतात. आणि ब्रेक बघ, तारेचे. ओल्या उतारावर तार खेचत बसशील, तोवर खाली नदीत."

"पण दिदी, सत्तावीस गिअर..."

"तुझ्या गावच्या चढाला किती लागतात? एक. सगळ्यात हलका. बाकीचे सव्वीस मैत्रिणींना दाखवायला."

सुकुमाया हसली. साहूजी हसले नाहीत.

मागच्या अंगणात भाड्याच्या करड्या सायकली ओळीने उभ्या होत्या. सगळ्या एकाच रंगाच्या, एकाच वर्षीच्या, नुसते नंबर वेगळे. चिनीशोभाने त्यातली चौदा नंबरची बाहेर काढली. मागे शॉकर नाही, पुढचा एकच, पण हवेचा आणि चांगला. मागच्या खालच्या दांडीला साखळीने टवका उडवला होता, तिथे तिनेच जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं होतं.

"आधी फ्रेम, आणि ती तुझ्या मापाची. दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहा. खाली पंजाभर जागा राहते ना? मग हीच. गिअर मागाहून बदलता येतो, फ्रेम नाही बदलता येत. चोपन्न हजार हिचे. उरलेल्यात तेलाचे डिस्क ब्रेक नवे घालू, पुढे नवा रुंद टायर. मागचा मी जुन्यांतला चांगला बघून देते, मागचा घसरला तर सावरता येतं, पुढचा घसरला तर दात जातात. आणि हेल्मेट नवं."

"हेल्मेट जुनं नाही चालणार? तेवढे वाचतील."

"डोकं सेकंडहँड आहे का तुझं?"

सौदा ठरला. पैसे साहूजींनी मोजून घेतले आणि म्हणाले, "नवमीची पूजा होऊ दे, मग ने. देवीचा हात फिरलेली गाडी घाटात दगा देत नाही."

ब्रेक बसवून, सायकल पुसून चिनीशोभा रजेवर गेली. खोकन्याची माणसं दशैं पाळत नाहीत, आणि गावात कोंबड्याही पाळत नाहीत. त्यांची सिकाली देवीची जत्रा असते, त्याच दिवसांच्या आसपास. साहूजींना याची दरवर्षी गंमत वाटे.

"दशैं नाही, कोंबडी नाही! गावात जगता कसे तुम्ही लोक?"

"कोंबडं आरवत नाही म्हणून उशिरापर्यंत झोपतो, साहूजी."

नवमीच्या दिवशी ती मुद्दाम आली. सुकुमाया सायकल न्यायला येणार होती, आणि उतारावर वजन मागे कसं टाकायचं हे तिला नीट दाखवायचं होतं. हर्कमानना दाखवलं नव्हतं ते.

दुकानासमोर गर्दी होती. शेजारचा मायक्रोबसवाला आपली गाडी घेऊन आला होता, कापडवाल्याची मोटरसायकल होती, कोपऱ्यावरची म्हातारी आमा आपलं शिवणयंत्र उचलून घेऊन आली होती. बोकड कापून झाला होता. रक्ताचे शिंतोडे, लाल अबीर, अक्षता, झेंडूच्या माळा यांनी सगळी चाकं माखली होती. कार्यशाळेतली हत्यारं पाटावर मांडून त्यांवर लाल कापड घातलेलं. दुसऱ्या दिवशी, दशमीला, कपाळाला टिका लागेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नव्हता. मोहरीच्या तेलाचा दिवा जळत होता.

सुकुमाया ठेवणीतली चोळी घालून उभी होती. "दिदी! बघा ना, कशी नवरीसारखी सजवली!"

पहिल्या रांगेत चौदा नंबर उभी होती. नवे ब्रेक, नवा टायर, हँडलला जाड माळ. हँडलखाली अबीर इतका थापलेला की रंगाचा पत्ता नाही. चिनीशोभाने सवयीने हँडल धरलं, पुढचा ब्रेक दाबला आणि सायकल मागेपुढे हलवली.

टिक्.

तिने हात काढला. विचार मग.

पुन्हा हलवली. टिक्. गर्दीच्या गलक्यात तो आवाज कुणालाही ऐकू आला नसता. तिने खाली वाकून मागची दांडी पाहिली. रबर नव्हतं. टवकाही नव्हता. नंबराच्या चिकटपट्टीखाली हवेचे बारीक फुगे होते, नव्याने चिकटवल्यासारखे.

ही नऊ नंबरची होती. हिच्या फ्रेमला चीर आहे, विकायची नाही, म्हणून भाद्रपदातच तिने हिला लाल दोरा बांधून वेगळी काढली होती.

"साहूजी, चौदा कुठे आहे?"

"समोर काय आहे?" ते तबक ठेवत म्हणाले. आवाज सहज होता, फक्त नजर तिच्या हाताकडे होती. "हात लावू नको आता. पूजा झालीये."

"ही नऊ आहे. ही चिरलेली आहे."

साहूजी तिच्याजवळ आले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "चौदा मेव्हण्याच्या मुलाला दिलीये, त्याने दहा हजार वर दिले. ब्रेक-टायर सगळं काढून हिला बसवलंय ना तिचं? झाळून पक्की केलीये. आत जा, मटण खा. अरे हो, तू पाहुणीच आमच्या दशैंची."

झाळून पक्की केलीये. हेच शब्द. चार वर्षांपूर्वीचे, जसेच्या तसे. चिनीशोभाला वाटलं होतं, असा क्षण आला तर आपण किंचाळू. पण राग आतून असा काही थंड झाला होता, की तिचा आवाज जवळजवळ मऊ निघाला.

"सुकुमाया, तो दिवा आण."

"दिदी?"

"दिवा. आणि तबकातलं तांदळाचं पीठ."

"पूजेचं आहे ते!" साहूजी ओरडले.

"तेलच आहे. कदाचित माझ्याच गावचं."

तिने पदराने अबीर पुसला. कनवटीचं नाणं काढून त्याच्या कडेने नवा रंग खरवडला, बोटभर जागा, धातू उघडा पडेपर्यंत. दिव्यातलं तेल त्यावर चोळलं. मग ते कोरडं ठक्क पुसून घेतलं आणि वर पिठाची चिमूट भुरभुरली. जागा पांढरीशुभ्र झाली. कापडवाला पुढे वाकून बघू लागला.

"काय जादू करतेय ही?"

"जादू नाही. बघा." तिने हँडलवर भार टाकला, सोडला, टाकला, सोडला. चिरेत शिरलेलं तेल बाहेर येऊ लागलं. पांढऱ्या पिठावर आधी एक ठिपका उमटला, मग दोन, आणि मग अर्ध्या नळीला वळसा घालणारी एक बारीक काळी रेघ.

मायक्रोबसवाल्याने स्वतःच्या गाडीच्या चाकाकडे उगाच एकदा पाहिलं.

"रंगाला गेलेला तडा आहे तो," साहूजी म्हणाले. "बाईमाणूस! अकरा वर्षं खाऊ घातलं, आणि सणाच्या दिवशी दारात..."

"खाऊ घातलंत?" आता मात्र तिचा आवाज चढला. "रात्र-रात्र जागून या सायकली मी उभ्या केल्या. पाहुणे तुमच्या नावाने टाळ्या वाजवून गेले. तुम्ही मला खाऊ घातलंत? हर्कमान दाज्यूंच्या उशाशी सफरचंदं ठेवून त्यांना सांगितलंत की चूक त्यांचीच. आणि मी गप्प बसले. पुढचा ब्रेक, म्हणे!"

ती पाटापाशी गेली आणि लाल कापड ओढून काढलं. झेंडूची फुलं जमिनीवर सांडली. तिने लोखंड कापायची करवत उचलली. मुठीवर तिने स्वतःच्या हाताने कोरलेलं "शो" होतं.

म्हातारी आमा कळवळली. "अगं, नवमीला हत्यार चालवू नये! रक्त घेतं ते!"

"तुमची नवमी आहे, आमा. मी खोकन्याची आहे."

साहूजींना हे सुचलंच नव्हतं. पूजा झालेल्या सायकलीला टिकेपर्यंत कुणी पाना लावणार नाही, तोवर ती डोंगरापलीकडे गेलेली असेल, हा हिशोब अगदी चोख होता. फक्त दरवर्षी ज्या गोष्टीवर ते हसत आले होते, तीच नेमकी ते विसरले होते.

करवत पिठावरच्या रेघेला लागूनच बसली. ॲल्युमिनियम मऊ असतं, पण तिच्या रागाला काहीतरी कठीण हवं होतं. ती दात आवळून, सगळं अंग घालून कापत राहिली. साहूजी दोनदा पुढे आले, आणि दोन्ही वेळा सुकुमाया मध्ये उभी राहिली. ओझं घेऊन चढणाऱ्या माणसासारखे पाय रोवून. मध्येच पातं निसटलं आणि चिनीशोभाच्या अंगठ्याला लागलं.

"बघ, म्हटलं होतं ना!" आमा म्हणाली.

"घेऊ दे," चिनीशोभा म्हणाली. थांबली नाही.

पुढचं चाक हँडलसकट एका बाजूला कलंडलं, माळेसकट. आता ही सायकल कुणाला विकता येणार नव्हती. तिने आणखी एक काप देऊन चिरेचा बोटभर तुकडा वेगळा केला आणि मुठीत धरला.

मग सुकुमाया बोलली. "साहूजी, माझी चौदा आणा."

"ती दिलीये."

"मी पैसे आधी दिलेत. तुम्ही मोजून घेतलेत. मी इथेच बसते. सहा वर्षं वाटेवर बसायची सवय आहे मला." आणि ती खरोखरच उंबऱ्यावर बसली, चांगल्या चोळीनिशी.

कापडवाला खाकरला. "द्या हो साहूजी. सणाचा दिवस आहे, सगळे बघतायत."

चौदा नंबर अजून आतल्या खोलीतच होती, भाचा न्यायला यायचा होता. ती आली, दांडीवरच्या रबरासकट. चिनीशोभाने नऊवरचे ब्रेक आणि टायर काढून तिथेच रस्त्यावर चौदाला बसवले. अंगठ्याला चिंधी बांधलेली, प्रत्येक बोल्ट दोनदा तपासून. उतारावर वजन मागे कसं टाकायचं ते दाखवलं. "खोगिराच्या मागे जा. पोट खोगिराला लागलं पाहिजे. भीती वाटली तर आणखी मागे." सुकुमायाने पाया पडायला वाकू पाहिलं, तेव्हा ती खेकसली, "हेल्मेटचा पट्टा आवळ आधी!"

सायकल गल्लीच्या वळणाआड गेली. आवाज नव्हता तिचा, चाकाच्या सळसळीशिवाय.

"उद्यापासून येऊ नकोस," साहूजी म्हणाले.

"आजही कुठे आले होते? सुट्टी होती माझी."

तिने आपली हत्यारं गोळा केली. जी तिची होती तेवढीच. काहींना पाकळ्या चिकटल्या होत्या, त्या तिने झटकल्या नाहीत.

मंगलबजारात उन्हाच्या पायरीवर हर्कमान बसले होते, कपाळ टिकेसाठी अजून कोरं. "शोभा बहिनी! खोकन्याची माणसं आज पाटणात?"

ती त्यांच्या उजव्या बाजूला बसली, जिकडून त्यांना दिसत असे. मूठ उघडली. तुकड्यावर पीठ होतं, तेल होतं, तिचं थोडं रक्त होतं, आणि या सगळ्याखाली ती काळी रेघ.

"ही आजची," ती म्हणाली. "तुमची अशीच होती. तुम्ही ब्रेक चुकीचा दाबला नव्हता, दाज्यू. मला माहीत होतं. सायकल विकायच्या आधीपासून माहीत होतं."

हर्कमाननी तुकडा घेतला. एका डोळ्याने बराच वेळ पाहिला, नखाने रेघ चाचपली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं ते तिला दिसलं नाही, कारण ती खाली पाहत होती.

"चार वर्षं," ते म्हणाले.

"हो."

"चार वर्षं मी लोकांना सांगत बसलो. बायकोला. पोरांना. स्वतःला." आवाज चढत गेला, वाकड्या जबड्यातून शब्द फुटेनात. "आणि तू रोज इथून जात होतीस. रोज! मान हलवून जात होतीस!"

पायऱ्यांवरची माणसं वळून पाहू लागली. चिनीशोभा उठली नाही. चार वर्षं हर्कमाननी स्वतःवर काढलेला तो राग आता कुठे बरोबर जागी येत होता, आणि त्यातला आपला वाटा पुरता मिळेपर्यंत तिला तिथेच बसायचं होतं.

"चल," शेवटी हर्कमान उठत म्हणाले. तुकडा त्यांनी मुठीत घट्ट आवळला होता. "दुकान उघडं आहे ना अजून?"

"उघडं आहे."

"मग चल. आणि त्याच्यासमोर हेच सगळं पुन्हा बोल. मोठ्याने."

ती हत्यारांची पिशवी खांद्याला लावून त्यांच्या उजव्या बाजूने चालू लागली.